चिठ्ठीवाल्या ओहोळ मॅडम

सावेडीत एका दुमजली इमारतीच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये ओहोळ मॅडम आणि त्यांची आई राहायच्या. खाली किराणा मालाचं दुकान होतं. तिथे पत्ता विचारला की दुकानदार वजनकाट्यावरची नजर न काढता सांगायचा, "चिठ्ठीवाल्या मॅडम ना? वर जा. चपला जिन्यातच काढा, धूळ चालत नाही त्यांना."

मी पहिल्यांदा तो जिना चढलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी. नगरच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. कामगार तीनेकशे. पगाराच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कॉम्प्युटरवर छापलेली पगाराची चिठ्ठी पडायची, ती सगळी इंग्रजीत. मग पुढचे दोन दिवस माझ्या टेबलासमोर रांग. "साहेब, हे कशाचं कापलं?" "साहेब, ओव्हरटाइम धरलाय का न्हाई?" युनियनने मागणी केली की चिठ्ठी मराठीत द्या. मागणी रास्त होती, पण आमच्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मुंबईच्या एजन्सीने त्यासाठी मशीनमध्ये वेगळं कार्ड बसवावं लागेल असं सांगून जो आकडा कळवला, तो ऐकून आमचे मॅनेजर नुसते हसले. तेव्हा शेजारच्या कारखान्यातला एक ओळखीचा म्हणाला, "सावेडीत एक मॅडम आहेत. पॉलिटेक्निकला शिकवतात. त्यांच्याकडे जा."

दार त्यांनीच उघडलं. पस्तिशीच्या, बुटक्या, सुती साडी, घट्ट वेणी, जाड काचांचा चष्मा. मी माझं नाव सांगितलं, कारखान्याचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "प्रिंटर कोणता?"

मला माहीत नव्हतं. प्रिंटर म्हणजे जो कोपऱ्यात किरकिर करतो तो, इतकीच माझी त्याच्याशी ओळख.

"खालच्या दुकानात फोन आहे. विचारून या," त्या म्हणाल्या. "कंपनी, मॉडेल आणि ठिपके मारणाऱ्या किती पिनांचा ते."

मी खाली गेलो, फोन केला, पुन्हा वर आलो. तोवर त्यांच्या आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता. मॅडमनी भाकरी ठेवतात तसला स्टीलचा मोठा डबा उघडला. त्यात भाकऱ्यांऐवजी फ्लॉप्या होत्या. त्यातली एक काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

"एक कोरी फ्लॉपी आणून द्या."

"आणि आतल्या प्रोग्रॅमचे?"

"आतलं मोकळं आहे."

"म्हणजे फुकट."

"मोकळं," त्या म्हणाल्या. "फुकट वेगळं. यात प्रोग्रॅम तर आहेच, पण तो कसा लिहिलाय तेही सगळं आहे. वाचता येईल, बदलता येईल, दुसऱ्याला देता येईल. फक्त नाव खोडू नका, आणि काही सुधारणा केलीत तर मला पाठवा. बाकीच्यांना उपयोगी पडेल."

त्या प्रोग्रॅमचं नाव 'चिठ्ठी'. कॉम्प्युटर मूळचा हिशेब जसा करायचा तसाच करायचा. चिठ्ठी फक्त तो उचलून मराठीत छापून द्यायची. प्रिंटरच्या पोटात मराठी अक्षरं नसायचीच. म्हणून ही एकेक अक्षर ठिपक्यांच्या रांगोळीसारखं काढून कागदावर उतरवायची. त्या महिन्यात आमच्या कामगारांच्या हातात 'मूळ पगार', 'महागाई भत्ता', 'कपात' असं लिहिलेली चिठ्ठी पडली. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर रांग नव्हती. एक म्हातारा फिटर तेवढा आला आणि म्हणाला, "साहेब, आता कापलेलं कळतंय. पर कापतायच."

मॅडमचं मूळ गाव जामखेड तालुक्यात. वडील नगरला लष्कराच्या एका डेपोत हमाल होते. ही गोष्ट त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितली, तीही मी विचारलं म्हणून. वडील पगाराचा कागद घरी आणायचे आणि चौथीतल्या मुलीपुढे धरायचे. तिला इंग्रजी येत नव्हतं, मग ऑफिसातल्या एका कारकुनाकडे जायचं, त्याला चहा पाजायचा आणि तो सांगेल ते ऐकायचं. "मी इंग्रजीतला पहिला मोठा शब्द वाचायला शिकले तो 'डिडक्शन'," मॅडम म्हणाल्या. "शाळेत कॅट, रॅट चाललं होतं. घरी डिडक्शन." हे सांगताना त्या हसल्याही नाहीत आणि गंभीरही झाल्या नाहीत. प्रिंटरची रिबन बदलत होत्या, ती बदलून झाली.

सगळ्यांशी त्या 'अहो-जाहो'नेच बोलायच्या, विद्यार्थी असो की पॉलिटेक्निकचा शिपाई. एखादी गोष्ट सोपी आहे असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. कुणी विचारलं, "मॅडम, सोपं आहे का?" की उत्तर ठरलेलं, "करून बघा, मग मला सांगा." बाद झालेले छपाईचे लांबलचक कागद घरात ढीगभर असत. आईने त्यांच्या भोकं पाडलेल्या कडा फाडून फडताळाच्या फळ्यांना झालरीसारख्या लावल्या होत्या. आल्या-गेल्याला त्या अभिमानाने सांगायच्या, "ही लेकीच्या कामाची हाय." मॅडमना ते मुळीच आवडायचं नाही, पण त्यांनी ती झालर कधी काढली नाही.

चिठ्ठी पसरत गेली. एका कारखान्यातून दुसऱ्यात, दूध संघात, साखर कारखान्यात. कोणीतरी नोकरी बदलून कोल्हापूरला गेला की फ्लॉपी खिशातून कोल्हापूरला. मॅडमनी जाहिरात केली नाही, कुणाची नोंदही ठेवली नाही. चिठ्ठी कुठे कुठे चालते हे त्यांना एकाच मार्गाने कळायचं, ती बंद पडली की फोन यायचा म्हणून. तोही त्यांच्या घरी नाही, खालच्या दुकानात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानदार जिन्याखाली उभा राहून हाका मारायचा. पुढे पुढे तो इतका तयार झाला, की फोन उचलून आधी स्वतःच विचारायचा, "प्रिंटर कोणता? नवीन घेतलाय का?" आणि मग वर निरोप द्यायचा, "मॅडम, नांदेड. चोवीस पिनांचा."

कंपन्यांनी नवीन प्रिंटर घेतला की ठिपक्यांची मांडणी बदलायची, आणि चिठ्ठी वेडीवाकडी यायची. मग मॅडम त्या प्रिंटरची माहिती मिळवायच्या, पॉलिटेक्निक सुटल्यावर बसून नवा भाग लिहायच्या, आणि फ्लॉपी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून द्यायच्या. त्याबद्दल कुणी काही दिलं नाही, कारण त्यांनी काही मागितलं नाही, आणि न मागता द्यायची आपल्याकडे रीत नाही.

एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो. खालून हाक आली. मलाही निघायचंच होतं, म्हणून त्यांच्याबरोबर उतरलो. फोनवर पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतला माणूस होता. त्याचा आवाज मला पलीकडे उभं राहून ऐकू येत होता. तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय, उद्या दोन हजार माणसांचा पगार आहे, उद्या सकाळपर्यंत झालं पाहिजे, नाही तर वरती कळवावं लागेल. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"वरती म्हणजे कुणाला कळवाल?" त्यांनी विचारलं.

पलीकडचा आवाज खाली आला.

"मी तुमच्याकडे नोकरीला नाही. तुम्ही माझ्याकडून काही विकत घेतलेलं नाही. तेव्हा रागावू नका, नीट सांगा. काय छापून येतंय?"

त्या माणसाने नीट सांगितलं. मॅडमनी त्याला फोनवरच दोन ओळी बदलायला सांगितल्या आणि चिठ्ठी चालू झाली. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "कशाला केलंत? पडू द्यायचं होतं बंद."

"त्या चिठ्ठ्या काही त्याच्या नाहीत, दोन हजार माणसांच्या आहेत," मॅडम म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

पुढच्या वर्षी पॉलिटेक्निकची परिस्थिती बिघडली. खासगी संस्था, मुलं कमी, संचालकांची भांडणं. शिक्षकांचे पगार आधी लांबले, मग थांबलेच. ओहोळ मॅडम रोज लुनावरून जात राहिल्या, शिकवत राहिल्या. घरात फरक दिसू लागला तो आईच्या बोलण्यावरून. एकदा चहा देता देता आई म्हणाल्या, "शेटेसाहेब, दुनियेच्या पगाराच्या चिठ्ठ्या आमच्या घरातून जात्यात. आन हिला सा म्हयने पगार न्हाई. ह्ये बराबर हाय का?"

"आई," मॅडम म्हणाल्या.

"इचारलं म्हून काय झालं? त्ये आफिसर हायेत. त्यास्नी ठावं आसंल."

मी चहा संपवला.

त्याच सुमारास पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक मोटारीतून आले. त्यांना चिठ्ठी विकत हवी होती. मॅडमना चांगली नोकरी, पुण्यात जागा, आणि वर रोख रक्कम. अट अशी की आतलं लिखाण यापुढे कुणाला द्यायचं नाही, आणि प्रत्येक कॉम्प्युटरमागे किंमत घेऊन चिठ्ठी विकायची. मॅडमनी विचार करायला आठवडा मागून घेतला. घरभाडं थकलेलं होतं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. त्यांना ते पैसे नको होते असं मी म्हणणार नाही. हवे होते.

आठवड्याने त्यांनी पुण्याला कळवलं, "नोकरी असेल तर येते. चिठ्ठी देता येणार नाही. तिच्यात आता कितीतरी जणांनी हात घातलाय, ती माझ्या एकटीची राहिलेली नाही." पुण्याच्या मालकांना नुसत्या मॅडम नको होत्या.

मग त्यांनी जे केलं ते आमच्या सगळ्यांच्या अंगावर आलं. चिठ्ठीच्या प्रत्येक फ्लॉपीत 'आधी वाचा' नावाचा एक मजकूर असायचा. तो सहसा कुणी वाचत नसे. पण मॅडमनी नव्या प्रिंटरसाठीची फ्लॉपी पाठवताना त्यातल्या पहिल्या चार ओळी अशा बसवल्या, की चिठ्ठी सुरू केली की त्या पडद्यावरच याव्यात. मला त्या जवळजवळ पाठ आहेत. 'येत्या मार्चनंतर मला चिठ्ठीची देखभाल करता येणार नाही. मला पुण्यात दुसरी नोकरी शोधावी लागत आहे. ज्यांना हे काम पुढे न्यायचं असेल त्यांच्यासाठी सगळं लिखाण याच फ्लॉपीत आहे. आजवर विश्वास ठेवलात, आभारी आहे.' तक्रार नाही, मागणी नाही.

आमच्या कॉम्प्युटरवर त्या ओळी आल्या तेव्हा ऑपरेटरने मला बोलावून दाखवल्या. मी मॅनेजरांना दाखवल्या. दोन दिवसांत एमआयडीसीतल्या चार कारखान्यांतून मला फोन आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, आता आपलं काय? मॅडमचं काय, असं एकानेही विचारलं नाही. मीही आधी चिठ्ठीचंच विचारलं असणार.

शेवटी आमच्या कॅन्टीनमध्ये बैठक ठरली. दहा-बारा जण आले. बहुतेक माझ्यासारखे पर्सोनेलवाले, दोन-तीन हिशेबखात्याचे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका साखर कारखान्यातून वाबळेसाहेब आले होते, ऑफिस सुपरिंटेंडेंट, साठीला टेकलेले, सज्जन माणूस. मॅडम वेळेवर आल्या आणि भिंतीकडच्या बाकावर बसल्या.

एक जण म्हणाला, आपण वर्गणी काढू, गणपतीला काढतो तशी. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या वर्षी उत्साहाने निघेल. दुसऱ्या वर्षी मंडळाची पोरं दारात दिसली की लोक दार लावून घेतात." सगळे हसले, कारण सगळ्यांनी लावलेलं होतं.

मग वाबळेसाहेब उठले. ते मनापासून बोलत होते. "आपल्याकडं जुनी चांगली पद्धत होती," ते म्हणाले. "सुतार, लोहार गावाचं काम वर्षभर करायचे. पैशाचा विषयच न्हाई. सुगी झाली की प्रत्येक शेतकरी आपापल्या खळ्यावरून त्यांचं बलुतं द्यायचा. आपण मॅडमना तसं बलुतं देऊ. ज्याला जसं जमंल तसं."

कॅन्टीनमध्ये माना डोलल्या. कल्पना सगळ्यांना पटली, मलाही. मग मी मॅडमकडे पाहिलं आणि माझी मान थांबली.

त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचाच होता. "वाबळेसाहेब, तुम्ही चांगल्या मनाने बोललात ते मला कळतंय. पण बलुतं आमच्या घरात घेतलेलं आहे. माझी आजी गावात दारोदार जायची. धर्म बदलला त्या वर्षी तिने ते सोडलं. त्यानंतर घरात दोन वेळ खायला नव्हतं, तरी तो दिवस आमच्याकडे सणासारखा सांगतात."

वाबळेसाहेब गोंधळले. "मॅडम, तसं न्हाई. बलुतं म्हणजे भीक न्हाई. तो हक्क हुता."

"हक्क होता, तर देणाऱ्याच्या दारात उभं का राहावं लागायचं?"

वाबळेसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. मग तुमीच सांगा, कसं द्यायचं."

"मला बिल पाठवू द्या," मॅडम म्हणाल्या. "वर्षभर चिठ्ठी चालू ठेवायच्या कामाचं. तुमच्याकडे जितक्या चिठ्ठ्या छापल्या जातात त्या मानाने. मोठ्याला मोठं, लहानाला लहान. काय केलं ते बिलात लिहीन. पटलं तर भरा, नाही पटलं तर पुढच्या वर्षी बंद करा. माझ्यावर उपकार नाही, तुमच्यावर नाही."

"आणि ज्यांनी बिल भरलं नाही, त्यांना चिठ्ठी मिळणार का?" कुणीतरी विचारलं.

"मिळणार. हीच."

"मग भरणारा मूर्ख ठरला."

"तुमच्या फाटकासमोरच्या रस्त्यावरचे खड्डे तुम्ही मुरूम टाकून बुजवता. त्यावरून दुसऱ्यांच्या सायकलीही जातात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तुम्ही खड्डे तसेच ठेवता का? तुमचे ट्रक जायला हवेत म्हणून बुजवता. तुमचा पगार वेळेवर व्हायला हवा की नको, एवढंच बघा."

अडचण वेगळीच निघाली. आमच्या हिशेबखात्याचे मुथासाहेब डोकं खाजवत म्हणाले, "माझी तयारी आहे. पण हे टाकू कोणत्या खात्यात? देणगी म्हणावं तर ऑडिटर विचारणार, संस्था कुठली. खरेदी म्हणावं तर माल कुठाय, आणि तो माल तर फुकट मिळतो." त्यावर बराच खल झाला. हे हास्यास्पद वाटेल, पण चांगल्या इच्छेचे निम्मे पैसे आजवर याच प्रश्नापाशी अडलेले मी पाहिले आहेत. शेवटी मुथासाहेबांनाच सुचलं. "आपला जनरेटरचा वर्षाचा देखभालीचा करार असतो. जनरेटर बंद पडल्यावर आपण ते पैसे देत नाही, बंद पडू नये म्हणून देतो. त्याच खात्यात टाकतो. जनरेटर, वजनकाटा, चिठ्ठी."

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "जनरेटरच्या शेजारी बसवलंत. चालेल."

पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांनी बिलं भरली. काहींच्या वरिष्ठांनी विचारलं, फुकट मिळणाऱ्या वस्तूचं बिल कसलं? काहींनी नुसतं 'बघू' म्हटलं. पण जेवढे पैसे आले तेवढ्यात मॅडमना नगर सोडावं लागलं नाही. त्यांनी पॉलिटेक्निकचा राजीनामा दिला, घरी फोन घेतला, आईचा डोळा केला. श्रीमंत झाल्या नाहीत. पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये मिळायचे तेवढेच, फक्त आता दर महिन्याला.

त्यांचं बिल पाहण्यासारखं असे. काय काय केलं ते तर असायचंच, खाली आणखी एक रकाना, 'राहिलेलं'. जे करायचं ठरवलं आणि जमलं नाही ते त्यात प्रामाणिकपणे लिहिलेलं. मुथासाहेब म्हणायचे, "माझ्या सगळ्या कंत्राटदारांना हा एक रकाना शिकवा हो कोणीतरी."

एका कंपनीने बिलाच्या तिप्पट चेक पाठवला. सोबत निरोप, आमच्या चिठ्ठीवर आमचं बोधचिन्ह छापून यायला हवं, आणि ते सगळ्यांच्या आधी. मॅडमनी चेक परत केला आणि बिलाएवढा नवा मागितला. बोधचिन्ह करते, पण त्याची पाळी आली की. "पैसे दिले म्हणून रांगेत पुढे नाही. कुणाचा पगार अडला असेल तर तो पुढे." कंपनी रागावली. नवा चेक यायला बरेच महिने लागले, पण आला.

वाबळेसाहेबांच्या साखर कारखान्यात मात्र बिल काही मंजूर होईना. संचालक मंडळाने दोनदा परत पाठवलं. वाबळेसाहेबांना ते लागलं. ते मला म्हणाले, "पैसे काढायचं माझ्या हातात न्हाई, पर मानूस पाठवायचं हाय." आणि त्यांनी आपल्या हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातले गर्जे नावाचे कारकून मॅडमकडे आठवड्यातून दोन दिवस पाठवायला सुरुवात केली. कामावर म्हणून, कारखान्याच्या पगारावर.

गर्जे पाथर्डी तालुक्यातले. चाळिशीचे, कानावर केस पांढरे झालेले. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. हे टोळीबरोबर वाढले आणि कशीबशी बारावी करून त्याच कारखान्यात चिकटले. कॉम्प्युटर तिथेच शिकले. पहिल्या दिवशी मी काही कामाने मॅडमकडे गेलो, तर गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसलेले.

"मला कशापायी पाठवलंय त्ये सायबांनी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. "म्हनले, मॅडम सांगत्याल त्ये करा."

"चिठ्ठी वापरता ना तुम्ही?" मॅडमनी विचारलं. "काय त्रास आहे तिचा?"

"तरास कायबी न्हाई. लई भारी चालती." मग थोडं थांबून, "फकस्त माझं नाव चुकीचं येतंय. गर्जेमधला रफार ज वर बसत न्हाई, पार शेवटाला जाऊन पडतो. चार वर्सं झाली. म्हनलं, रक्कम बराबर हाय ना, मग ऱ्हाऊ द्या."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "चार वर्षं. कळवलं का नाहीत?"

"कुनाला कळवायचं? कंपनी आसती तर कळवलं आसतं. ह्ये फुकटचं. फुकटच्या गाईचे दात कोन मोजतं?"

"मोकळं आहे," मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच कळवायचं. आणि आता कळवूही नका. तुम्हीच दुरुस्त करा. मी शेजारी बसते."

गर्जे हबकले. पण बसले. त्या रफारामागे त्यांचे कितीतरी मंगळवार-बुधवार गेले. मॅडम शेजारी बसायच्या आणि कळफलकाला हात लावायच्या नाहीत. आई मला हळूच म्हणाल्या, "हिला सोताला घटकाभराचं काम. पर बसलीय बघा गुमान." एके दिवशी कागदावर 'गर्जे' नीट उमटलं. गर्जेंनी तो कागद घडी करून खिशात घातला. पुढची चिठ्ठी आली तेव्हा 'आधी वाचा'मध्ये मॅडमच्या नावाखाली त्यांचं नाव होतं. त्यानंतर कऱ्हाडच्या, नांदेडच्या फोनवर "प्रिंटर कोणता वो?" असा गर्जेंचा प्रश्न ऐकू येऊ लागला.

अशा कामाला बाहेरच्या जगात 'ओपन सोर्स' म्हणायला लागलेत, हे मला शतक संपता संपता एका मासिकात वाचून कळलं. त्यात असंही होतं की अशी कामं सांभाळणाऱ्यांना कंपन्यांनी पैसे कसे द्यावेत हा तिकडे मोठा प्रश्न आहे. मी तो अंक मॅडमना नेऊन दिला. त्यांनी चाळला आणि विचारलं, "मुथासाहेबांसारखं कुणी आहे का त्यांच्याकडे?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला नाशिकला दुसरी नोकरी लागली. निघायचा दिवस महिन्याच्या चार-पाच तारखेचा होता. सामान टेम्पोने पुढे पाठवून मी माळीवाड्याच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट बघत होतो. पलीकडच्या फलाटावर पुण्याची गाडी लागलेली होती, आणि तिच्या खिडकीत ओहोळ मॅडमच्या आई बसलेल्या दिसल्या. नवं लुगडं, डोळ्याला काळा चष्मा. शेजारी मॅडम. मी जवळ गेलो.

"कुठे निघालात?"

"अलिबागला," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस. आईला समुद्र बघायचाय."

आईंनी खिडकीतून वाकून विचारलं, "शेटेसाहेब, येवढं पानी आसतंय, आन प्याला येत न्हाई, खरं हाय का ह्ये?"

मी खरं आहे म्हणालो. त्यांनी जामखेडकडच्या माणसाने अशा बातमीवर जशी मान हलवावी तशी हलवली.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मॅडम गावाबाहेर गेल्याचं एवढ्या वर्षांत मला आठवत नव्हतं. सगळीकडचे पगार याच दिवसांत असायचे. मी न राहवून म्हणालो, "पण मॅडम, पगाराचे दिवस आहेत."

"गर्जे आहेत," त्या म्हणाल्या.

कंडक्टरने घंटी मारली. मी हात केला, आईंनी केला. गाडी मागे सरकून वळली आणि स्टँडच्या फाटकाशी ट्रकला वाट द्यायला क्षणभर थांबली. आई खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत होत्या. मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि सीटला डोकं टेकून त्या झोपल्या होत्या. गाडी अजून नगरच्या बाहेरही पडली नव्हती.